‘आस्क’ची वही

माझ्या कपाटात गेली चौदा वर्षं एका मुलीची वही होती. शंभर पानी, तपकिरी कव्हर घातलेली, कव्हरवर ठळक अक्षरात एकच इंग्रजी शब्द: ‘आस्क’. वही माझी नव्हती आणि ती परत द्यायची राहिली होती, हे मला रोज कपाट उघडलं की दिसायचं. मी साडी काढायची, कपाट लावायची आणि कामाला लागायची. लाज वाटली की माणूस किती कामसू होतो, हे माझ्याकडे बघून कुणालाही कळलं असतं.

मी इंग्रजीची बाई. घर साताऱ्यात, पण नोकरीची शेवटची बरीच वर्षं माण तालुक्यातल्या एका हायस्कुलात गेली. सोमवारी पहाटेच्या एसटीने जायचं, आठवडाभर गावात खोली करून राहायचं, शनिवारी दुपारी परत. तोंडाने मी फटकळ होते आणि लाल पेनाने त्याहून फटकळ. मुलं मागे मला काय म्हणत ते मला ठाऊक होतं आणि त्याचा मला थोडा अभिमानसुद्धा होता.

त्या शाळेत मी एक प्रथा सुरू केली होती. दिवाळीची सुट्टी संपली की नववीच्या वर्गात एक पत्र्याचा डबा घेऊन जायचं. डब्यात चिठ्ठ्या. प्रत्येक चिठ्ठीवर एक साधा, रोजचा इंग्रजी शब्द. गो, कम, टेक, रन, कीप, आस्क, असले. जो शब्द ज्याच्या वाट्याला येईल त्याने त्याची वही करायची. मराठीत त्याचे जेवढे अर्थ सापडतील तेवढे लिहायचे, इंग्रजीत त्याच्या जवळचे जेवढे शब्द सापडतील तेवढे गोळा करायचे, आणि प्रत्येकासाठी एक वाक्य स्वतःच्या मनाने करायचं. गाईडातलं वाक्य दिसलं की मी पान फाडायची. मोठे अवघड शब्द पोरं घोकून पाठ करतात हो, पण त्यांना या बारक्या शब्दांची भीती असते, कारण हे शब्द कधीच एका जागी बसत नाहीत.

‘आस्क’ची चिठ्ठी निघाली ती खिडकीजवळच्या बाकावरच्या एका मुलीला. आईबाप मेंढरं राखणारे. दिवाळी झाली की माणसं, मेंढरं, घोडी, कोंबड्या असा सगळा संसार घेऊन ते खाली कृष्णाकाठाला निघून जायचे. तिकडे बागायतदारांच्या रानात मेंढरं बसवायची, खत त्यांना, चारा यांना, आणि पाऊस पडायच्या बेताला परत. मुलगी शाळेसाठी गावातच चुलतीकडे राहायची. सडपातळ, दोन वेण्या घट्ट बांधलेल्या, आणि डोळे असे की आपण फळ्याकडे तोंड केलं तरी पाठीला जाणवावेत.

चिठ्ठी उलगडून ती उभी राहिली. “बाई, ह्यो लय बारका शब्द हाय. दुसरा घिऊ का?”

“बारका आहे ना? मग चार दिवसांत संपव,” मी म्हटलं.

चार दिवसांत संपला नाही. शाळेच्या ग्रंथालयात डिक्शनरी एकच, तीही मधून पानं सुटलेली. ती मधल्या सुट्टीत डबा न खाता तिच्यापुढे बसायची. मग वर्ग चालू असताना मध्येच हात वर. मागणे आणि विचारणे ही मराठीत दोन वेगळी कामं, मग इंग्रजीत दोन्हीला ‘आस्क’च कसं? एखाद्याला जेवायला बोलावलं तर तेही आस्क? क्षमा मागितली तर तीही? मी हो म्हटलं की ती खाली बसायची, लिहायची, आणि लगेच पुन्हा उठायची. इन्क्वायर म्हणजे चौकशी करणं, रिक्वेस्ट म्हणजे विनंती, बेग म्हणजे गयावया, इन्व्हाइट म्हणजे आमंत्रण. एका शब्दामागे एवढी माणसं उभी आहेत याचा तिला भारी आनंद व्हायचा, आणि खरं सांगायचं तर मलाही. अशी एखादी मुलगी वर्गात असली की त्या सालचा पगार फुकट खाल्ल्यासारखा वाटत नाही.

एकदा तिने विचारलं, “बाई, पोरगीला मागनी घालत्यात, त्याला आस्क चालंल?”

“चालेल की. इंग्रजीत मुलीचा हात मागतात,” मी सांगितलं.

“नुसता हात?”

“हो, नुसता हात.”

“मग बाकीची पोरगी कुठं जाती?”

सगळा वर्ग हसला. मीही हसले. ती हसली नव्हती, हे मला त्या दिवशीही दिसलं होतं. तास संपत आला होता आणि मला फळा पुसायचा होता.

वह्या तपासायची माझी एक पद्धत होती. रविवारी दुपारी जेवण झालं की साताऱ्याच्या घरात जमिनीवर चटई टाकायची, एका बाजूला वह्यांचा गठ्ठा, दुसऱ्या बाजूला चहा. पन्नास-साठ वह्या एका बैठकीत. इतकी वर्षं हे केल्यावर डोळा आपोआप चुकीवर जाऊन थांबतो. वाक्य काय म्हणतंय ते बघायची गरजच पडत नाही, कारण मुलांची वाक्यं काहीच म्हणत नसतात. कुणाचा राम रोज शाळेत जातो, कुणाची गाय दूध देते. मला दिसायचं ते क्रियापद, काळ, अनेकवचन. लाल पेन चालायचं आणि मन दुसरीकडे, संध्याकाळच्या भाजीत नाहीतर भावजयीच्या बोलण्यात.

तिची वही मी तशीच तपासली. वर्गातली सगळ्यात चांगली वही होती ती, हे मला लगेच कळलं. म्हणून शेवटच्या पानावर मी लिहिलं, ‘ठीक. अक्षर सुधार.’ माझ्या पेनातून ‘ठीक’ यायला फार लागायचं. ‘उत्तम’ मी कुणालाच देत नसे. सोमवारी वह्या परत दिल्या, दुरुस्त्या उतरवून घ्यायला सांगितलं, आणि मंगळवारी सकाळी दोन-तीन वह्या तपासणीच्या साहेबांना दाखवायला म्हणून माझ्याकडे ठेवून घेतल्या. त्यात सगळ्यात वर तिची.

त्याच मंगळवारी मधल्या सुट्टीत तिचा बाप आला.

मी स्टाफरूमच्या दारात उभी होते. उंच, रापलेला माणूस, डोक्याला तांबडं मुंडासं, खांद्यावर घोंगडं, वहाणा दाराबाहेर काढलेल्या. मला वाटलं, बाजाराला आला असेल, जाता जाता डोकावला. नदीकाठचं मेंढरू सोडून दीडशे किलोमीटर कुणी डोकवायला येत नाही, हा विचार मला शिवला नाही.

“बाई, पोरीचं कसं काय हाय म्हनायचं?” त्यांनी विचारलं.

आता इथे मला माझ्याविषयी सांगायला हवं. मुलाचं कौतुक त्याच्या आईबापांपुढे करायचं नाही, हा माझ्या घरचा रिवाज. माझे वडीलही मास्तरच होते. मी शाळेत पहिली आले तेव्हा त्यांनी निकालाचा कागद हातात घेऊन एवढंच विचारलं होतं, गणितातले चार मार्क कुठे सांडले. ते शेजाऱ्यांकडे जाऊन माझं किती कौतुक करत होते, हे आईने मला वडील वारल्यावर सांगितलं. आमच्या बाजूला हे असंच चालतं. पोर चांगलं निघालं तर तोंडावर सांगायचं नाही, शेफारेल. आईबापांना तर मुळीच सांगायचं नाही, ते गावभर करतील. शिक्षक कडक आहे एवढं त्यांना कळलं की पुरे. मी ज्यांना ज्यांना नावं ठेवली ती माझी सगळी लाडकी मुलं होती. ढ मुलांच्या बापांशी मी गोड बोलायची.

म्हणून मी म्हटलं, “इंग्रजी कच्चं आहे हो तिचं. लक्ष नसतं. नुसते प्रश्न विचारत बसते. असंच राहिलं तर दहावी निघायची नाही.”

त्यांनी मान हलवली. खांद्यावरचं घोंगडं सारखं केलं. मग म्हणाले, “म्हंजी, म्होरं शिकवावं असं... तिच्यात हाय का तेवढं? आमाला कळत न्हाई. तुमी सांगशीला तसं.”

‘तुमी सांगशीला तसं.’ हे तीन शब्द आजही माझ्या कानात तसेच आहेत. त्या वेळी मला ते फार आवडले होते. आपल्या शब्दाला मान आहे असं वाटून मी जरा ताठ झाले आणि आवाज आणखी चढवला. “मेहनत केली तर बघू. आत्ता तरी मला काही दिसत नाही.”

“बराबर हाय,” ते म्हणाले. कपाळाला हात लावून नमस्कार केला, वहाणा पायात सरकवल्या आणि गेले. मी आत येऊन डबा उघडला. त्या दिवशी डब्यात मेथीची भाजी होती, हेसुद्धा मला आठवतं.

बुधवारपासून खिडकीजवळचा बाक रिकामा राहिला. आधी मला वाटलं ताप आला असेल. शेवटी आठवडाभराने मी तिच्या शेजारणीला उभं केलं. ती पोर ओढणीचं टोक पिळत म्हणाली, “तिचं लगीन झालं, बाई. कुंडलला दिली. तिचं आबा आलं हुतं, त्येच तिला घिऊन गेलं.”

मी तशीच हेडमास्तरांकडे गेले. ते कागदातून डोकं वर न काढता म्हणाले, “लग्न लागून गेलं की, बाई. आता काय करणार?” मी काहीतरी करायला हवं होतं. पोलिसांत जायला हवं होतं, निदान तिच्या चुलतीचं घर गाठायला हवं होतं. मी दोन दिवस भयंकर चिडचिड केली, सहकाऱ्यांशी भांडले, त्या अडाणी बापाला शिव्या दिल्या. तिसऱ्या दिवशी घटक चाचणीचे पेपर आले आणि मी ते तपासत बसले.

वही मी उघडली ती तपासणीचे साहेब येऊन गेल्यावर. साहेबांनी ती चाळली होती आणि म्हणाले होते, “हिला पुढे पाठवा.” स्टाफरूममध्ये कुणी नव्हतं. मी सहज पान उघडलं, आणि माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा एका मुलीचं वाक्य, ते काय म्हणतंय ते बघत, वाचलं.

इन्क्वायर या शब्दापुढे तिने लिहिलं होतं की एक माणूस माझी चौकशी करायला आला. मी त्यातलं ‘वन मॅन’ खोडून ‘अ मॅन’ केलं होतं. इन्व्हाइटपुढे, की त्याच्या घरच्यांनी माझ्या आईवडिलांना जेवायला आमंत्रण दिलं आहे. तिथे मी क्रियापदाचं रूप नीट केलं होतं. बेगपुढे, की मी आईपुढे गयावया करते, आई रडते. तिथे काळ चुकला होता, मी तो वर लाल अक्षरात लिहिला होता. खुद्द आस्कपुढे चार शब्द होते, ‘नोबडी आस्क्ड टु मी.’ मला कुणी विचारलं नाही. त्यातला ‘टु’ नको होता. मी त्यावर एक रेघ ओढली होती, छान सरळ रेघ.

आणि सगळ्यात शेवटी, रिक्वेस्ट. त्यापुढे दोन ओळी. ‘माय फादर विल कम टु आस्क यू. प्लीज टेल गुड.’ माझे वडील तुम्हाला विचारायला येतील. कृपा करून चांगलं सांगा. दुसरी ओळ इंग्रजीत नीट बसत नव्हती. मी ती खोडून तिच्या वर अचूक वाक्य लिहून दिलं होतं, ‘प्लीज टेल हिम समथिंग गुड.’ माझ्याच हाताने. रविवारी लिहिलं आणि मंगळवारी बाप दारात उभा राहिला.

त्या दिवशी मी शाळेतून खोलीवर कशी आले ते मला सांगता येणार नाही. पुढची दोन वर्षं मी नोकरी केली, पण तो पत्र्याचा डबा पुन्हा वर्गात नेला नाही. मुलांनी एक-दोनदा विचारलं, मी वेळ नाही म्हणून सांगितलं. खरं म्हणजे मला त्यांच्या वह्या तपासायची भीती वाटायला लागली होती. वाक्यं वाचायला लागलं की एका बैठकीत साठ वह्या होत नाहीत. दहासुद्धा होत नाहीत.

निवृत्त झाले, साताऱ्यात घरी बसले. कुंडल काही विलायतेत नाही, कराडला गाडी बदलली की अर्ध्या दिवसाचं काम. तरी मी गेले नाही. पाय दुखतो, पाऊस आहे, लग्नसराई आहे, असं वर्षामागून वर्ष. मग यंदा एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला, बोलता बोलता मी या मुलीचं विचारलं आणि ती म्हणाली, “ती व्हय? ती कुंडलात गिरण चालवते की, बाई. तुमची आठवण काढते.” तुमची आठवण काढते, या शब्दांनी माझी झोप उडवली. काय म्हणून आठवण काढत असेल? दुसऱ्या आठवड्यात मी वही पिशवीत टाकली आणि निघाले.

कुंडलात गिरण विचारायची गरज पडली नाही, आवाजावरून गेले. पत्र्याची शेड, बाहेर दोन बायका डबे घेऊन बसलेल्या. आत ती. पदर कमरेला खोचलेला, डोक्याला फडकं, आणि पापण्यांपर्यंत सगळी पिठाने पांढरी. डब्यांवर खडूने नावं टाकत होती, भराभर, वळणदार. अक्षर सुधारलं होतं. तिने वर पाहिलं, मला ओळखलं, आणि हात लांब करून पट्टा थांबवला. ती गिरण थांबल्यावर जी शांतता झाली तिची मला धास्ती वाटली.

“बाई,” ती म्हणाली. “आलासा व्हय?” जसं काही मी येणार हे ठरलेलंच होतं.

तिने पोत्यावरचं पीठ झटकून मला बसायला दिलं, तांब्याभर पाणी आणलं. बाहेरच्या बायकांना सांगितलं, “मावशी, घटकाभरानं या. माझ्या शाळंतल्या बाई आल्यात.” माझ्या शाळंतल्या, असं ती चांगलं मोठ्याने म्हणाली. मग माझ्या गुडघ्याची चौकशी, साताऱ्याची चौकशी. नवरा द्राक्षबागेत कामाला जातो, सासू-सासरे होते ते गेले, गिरण आता हीच बघते. एक मुलगी, सहावीत. “वाईट काय न्हाई झालं, बाई. मानसं चांगली हायती,” ती म्हणाली. मी न विचारता ती हे बोलली. मी तोंड उघडलं असतं तर हेच विचारलं असतं, म्हणून तिने मला त्यातून सोडवलं असावं.

मी वही काढून तिच्यापुढे धरली. तिने हात पुसले, पुन्हा पुसले, आणि मग घेतली. पानं उलटत ती शेवटच्या पानापर्यंत गेली आणि तिथे थांबली.

“हे मी तेव्हा वाचलं नव्हतं गं,” मी म्हटलं. “नुसत्या चुका काढल्या. तुझे वडील येऊन गेले, तू गेलीस, त्यानंतर वाचलं.”

तिने माझ्याकडे पाहिलं. हे डोळे तेवढे बदलले नव्हते.

“वाचलं न्हवतं?”

“नाही.”

“पन तुमी वाक्य सुधारलं हुतंसा की. लाल पेनानं.” ती त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली. “मी सोमवारी वही उघडली आन् बघितलं, बाईंनी वाचलं, बरूबर करून दिलं. मला लय बरं वाटलं हुतं. घरात सांगितल्यालं, पक्कं हुईपर्यंत कुनाम्होरं बोलायचं न्हाई, मोडलं तर पोरीचं नाव जातंया. तोंडानं बोलायचं न्हाई म्हनालं हुतं. वहीत लिवायचं न्हाई असं कुनी म्हनालं न्हवतं.”

बोट न उचलता ती पुढे बोलत राहिली.

“आन् आबा काय लगीन करायलाच आलं न्हवतं, बाई. ते म्हनलं हुतं, बाईंस्नी इचारतो, बाई म्हनल्या पोरीत हाय, तर ह्या सालाला न्हाई म्हनून सांगतो. दिवाळीत, मेंढरं घिऊन खाली जायच्या आदी, आईचं आन् त्यांचं ह्याच्यावरनं वाजलं हुतं. म्हनून तर मेंढरं टाकून आलं. तुमी बोलला तवा मी टाकीपाशी बाटली भरत हुते. समदं ऐकलं.” तिने ओळीवरचं बोट काढून घेतलं. “मला वाटलं, बाईंनी वाचून, इचार करून सांगितलं. म्हंजी आपल्यात खरंच न्हाई तेवढं. मग मी आबांबर गुमान गेले. रडलेबी न्हाई.”

चौदा वर्षं मी समजत होते की माझा गुन्हा म्हणजे मी तिचं लग्न थांबवलं नाही. तो तर होताच. पण ही मुलगी चौदा वर्षं पीठ दळताना स्वतःला ढ समजत होती, आणि ते माझ्या शब्दावर विसंबून, हे मला तिथे पोत्यावर बसून कळलं. मला रडू आलं. मी या वयात, परक्या गावात, पिठाच्या गिरणीत पदर तोंडाला लावून रडले, आणि ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. तिने मला गप्प केलं नाही, ते बरंच केलं.

“ही वही वर्गात सगळ्यात चांगली होती,” मी म्हटलं. “साहेबांना दाखवायला म्हणून ठेवली होती. ते म्हणाले, हिला पुढे पाठवा.”

“मग आबांस्नी का न्हाई सांगितलंसा?”

काय सांगणार? रिवाज, वडील, शेफारतील, हे सगळं त्या शेडमध्ये उभं करायला मला तोंड नव्हतं. “सवय गं,” मी म्हटलं. “आईबापांपुढं कौतुक करायचं नाही अशी सवय.”

“सवय व्हय,” ती म्हणाली. तिने वही मिटली, कव्हरवर पडलेलं पीठ फुंकलं आणि वर फळीवर, देवाच्या तसबिरीशेजारी ठेवली. मी क्षमा मागितली. ती “ऱ्हाऊ द्या, बाई” म्हणाली, पण केली असं म्हणाली नाही.

एवढ्यात तिची मुलगी शाळेतून आली. दप्तर पाठीवर, दोन वेण्या, मोजे घसरलेले. आईने तिला माझ्या पाया पडायला लावलं आणि म्हणाली, “इंग्रजीची वही काढ. बाईंस्नी दाव.”

वही हातात आली आणि माझी बोटं सवयीने पेन शोधायला पिशवीत गेली. मी हात बाहेर काढला आणि मांडीवर ठेवला. पहिलंच पान, ‘माय होम’ या विषयावर पाच ओळी. तिसऱ्या ओळीत तिने लिहिलं होतं की आमच्या घरात गिरणीचा फार आवाज असतो, म्हणून मी अभ्यास मोठ्याने ओरडून करते. दोन चुका होत्या. मी त्यांच्यावरून पुढे गेले.

“खरंच ओरडून करतेस?” मी विचारलं.

“व्हय. न्हाईतर मलाच ऐकू येत न्हाई,” ती म्हणाली. मग माझ्या हातातल्या वहीकडे बघून, “काय चुकलंय का?”

मी आणखी तीन पानं वाचली, सावकाश, प्रत्येक ओळ. तिची आई डब्यांकडे पाठ करून उभी होती. दोन्ही हात पदराला पुसत होती, हात कोरडे असूनही.

“बाई,” ती म्हणाली, “कशी काय हाय पोरगी? म्होरं शिकवावं असं, तिच्यात हाय का तेवढं?”

तेच शब्द. तिने ते मुद्दाम निवडले की तिच्या घरात असंच बोलतात, मला ठाऊक नाही, आणि मी विचारलं नाही. मी म्हटलं, “आहे. भरपूर आहे. फार हुशार आहे. जेवढी शिकेल तेवढं शिकवा, कुणाचं ऐकू नका, मी सांगते म्हणून शिकवा.” बोलताना मी कुठे बघत होते ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

तिच्या लक्षात आलं. पिठाने पांढऱ्या झालेल्या गालांवर दोन ओघळ आले होते, ते तिने मनगटाने पुसले आणि मुलीला खांद्याला धरून माझ्यापुढे उभं केलं.

“तिच्याकडं बघून म्हना, बाई,” ती म्हणाली. “माझ्याकडं बघून न्हाई.”

मी मुलीकडे तोंड केलं आणि सगळं पुन्हा म्हटलं.